अकराचे आठ, आठाचे सहा

अमेरिकेहून परत आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "काय काय पाहिलंस?" समोरच्याला नायगारा ऐकायचा असतो, नाहीतर टाइम्स स्क्वेअर, गेला बाजार लास व्हेगास. मी सांगते, "नेब्रास्का." पुढची पाच सेकंदं तो डोक्यातल्या नकाशावर बोट फिरवत बसतो. सापडत नाही. मग विचारतो, "तिकडे काय आहे?"

मका आहे. सोयाबीन आहे. ओमाहा शहरात वॉरन बफे आहेत. आणि त्याच ओमाहात माझी मावसबहीण आहे. म्हणजे ताई, आयटीवाले भावोजी आणि त्यांचा तेरा वर्षांचा चिरंजीव, जो मला 'मॉशी' म्हणतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे त्यांच्याकडे होते. (फ्रीलान्सिंगचा एवढाच फायदा. रजा मागावी लागत नाही. पैसे मात्र मागतच राहावे लागतात.)

पहिल्याच सकाळी चहासाठी दूध काढायला गेले, तर फ्रिजच्या दारावर एक कागद. शाळेच्या फुटबॉल टीमचा फॉर्म. मुलाचं नाव भरलेलं, इयत्ता आठवी भरलेली, पालकांच्या सहीची जागा कोरी. तारीख ऑगस्टची. सीझन तर संपत आला होता.

"हा अजून इथे कशाला?" मी ताईला विचारलं.

"मी काढला की तो परत लावतो."

"मग सही करून टाक ना."

ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गॅस चालू ठेवून बाहेर फिरायला गेले होते.

एक खुलासा. तिकडे फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, त्याला ते सॉकर म्हणतात. यांचा फुटबॉल लंबगोल बॉलचा, हेल्मेटचा, खांद्यावर ढाली बांधून एकमेकांवर आदळण्याचा. बॉल घेऊन पळणाऱ्याला आडवा पाडायचं, त्याला टॅकल म्हणतात. आणि भाच्याला हेच खेळायचं होतं, कारण शाळेत जो हे खेळतो तो हिरो. आपल्याकडे सोसायटीतल्या पोराला बॅट हातात घेऊ न देण्यासारखंच झालं ते.

ताईचं म्हणणं साधं होतं. ती मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी आहे, शास्त्रीय पेपर वाचणारी बाई. २००२ साली पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालूंनी माइक वेबस्टर या जुन्या स्टार खेळाडूचा मेंदू तपासला आणि वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या मारातून होणारा 'सीटीई' हा आजार त्यात सापडला, ही गोष्ट तिला तोंडपाठ आहे. विल स्मिथचा २०१५ चा सिनेमा तिने दोनदा पाहिलाय. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक लीगमधल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० जणांना सीटीई होता. आता हे मेंदू कुटुंबीयांनीच दान केलेले, म्हणजे आधीच लक्षणं दिसलेल्यांचे जास्त. त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लागू होत नाही. हे ताईनेच मला बजावलं, तेही कढीपत्ता तोडता तोडता. पण लगेच म्हणाली, "त्याच अभ्यासात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले चौदा जण होते. त्यातले तीन. माझा एकच आहे."

यावर काय बोलणार, बॉस?

आणि ताई एकटी नाही. हायस्कूलच्या खेळांची देशभर मोजणी करणारी एक राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या हिशोबाने २००८-०९ मध्ये अकराजणी फुटबॉल खेळणारी सुमारे ११ लाख १२ हजार मुलं होती. २०१८-१९ मध्ये १० लाख ६ हजार. २०२१-२२ मध्ये आकडा दहा लाखांच्याही खाली गेला. त्यानंतर थोडा सावरला, २०२३-२४ मध्ये १० लाख ३१ हजारांवर आला, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या जागी काही पोहोचला नाही. फार नाही वाटत ना? मलाही नाही वाटलं. लाखाच्या हिशोबात ऐंशी हजार म्हणजे काय! पण ही गळती सगळीकडे सारखी नसते. ते मला दोन दिवसांत दोन मॅच बघितल्यावर कळलं.

पहिली मॅच गुरुवारी, ओमाहाच्या उपनगरातल्या एका भल्यामोठ्या शाळेची. कृत्रिम गवत, भिंतीएवढा स्क्रीन, शंभरेक पोरांचा बँड. यजमान टीमची गणवेशातली मुलंच मी मोजायला घेतली आणि ऐंशीला सोडून दिली. आक्रमणाला अकरा वेगळे, बचावाला अकरा वेगळे, नुसती किक मारायला एक वेगळा. बाकीचे पाणी पीत उभे. पाहुणी टीम शहरातल्याच दुसऱ्या भागातली, तिच्याकडे तिशीसुद्धा नव्हती. तीच पोरं पुढे, तीच मागे. पहिला अर्धा तास त्यांनी जाम टक्कर दिली. नंतर दमली. तिसऱ्या क्वार्टरपासून स्कोअरबोर्ड बघवेना.

"इकडे मुलाला दुसऱ्या विभागातल्या शाळेत घालता येतं," भावोजी सांगत होते. "चांगला खेळणारा पोरगा हरणाऱ्या टीममध्ये कशाला थांबेल? तो जिंकणाऱ्या शाळेत जातो. मग हरणारी आणखी हरते, आणखी मुलं सोडतात." भावोजी मूळचे सांगलीचे, तिथे कबड्डी खेळायचे. इथे येऊन पक्के फुटबॉलवाले झालेत. फॉर्मवर सही करायला ते एका पायावर तयार आहेत. म्हणूनच सही ताईच्या खात्यात आहे.

दुसरी मॅच शुक्रवारी होती, आणि तिच्यासाठी आम्ही चौघं अडीच तास गाडी चालवत गेलो. भावोजींच्या ऑफिसातला एक सहकारी कॅन्सस सीमेजवळच्या गावाकडचा. त्याचा पुतण्या खेळणार होता. तो म्हणाला, "खरा फुटबॉल बघायचा तर आमच्याकडे या." त्या गावाचं आणि शाळेचं नाव मी इथे देत नाहीये. पुढे वाचाल तेव्हा का ते कळेल.

ओमाहाहून आय-८० ने पश्चिमेला निघालं की तासाभरात लिंकन लागतं. तिथे विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम आहे. कोविडचा सीझन सोडला तर १९६२ पासून तिथली प्रत्येक मॅच हाउसफुल्ल. मॅचच्या दिवशी हे स्टेडियम म्हणजे नेब्रास्कातलं तिसऱ्या नंबरचं शहर असतं, असं इथे सगळे अभिमानाने सांगतात. आणि ते खरंच आहे! बघायला ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसं. खेळायला पोरं मिळत नाहीत ती याच राज्यात.

यॉर्कला हायवे सोडून दक्षिणेला वळलो. दोन्ही बाजूंना मका, वाळून तांबूस झालेला, आणि त्यात घरांएवढी कम्बाइन मशीन्स फिरतायत. रस्ते रेघ मारल्यासारखे, दर मैलाला एक चौक. त्या चौकांमागे एक हिशोब आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर जमीन मिळायची. म्हणजे एका चौरस मैलात चार घरं. चार घरं म्हणजे (तेव्हाच्या हिशोबाने) वीसेक पोरं. आता एकच कुटुंब कित्येक चौरस मैल कसतं, आणि त्यांना मुलं दोन. मशीनमध्ये एसी आहे, जीपीएस आहे. शेतात माणूस दिसत नाही.

म्हणजे शहरात आया सही करत नाहीत आणि इथे सही करायला आयाच उरल्या नाहीत.

वाटेत हेब्रन लागलं. दीड हजार वस्तीचं गाव, बागेत एक अवाढव्य झोपाळा. जगातला सगळ्यात मोठा पोर्चचा झोपाळा, असा गावाचा दावा आहे. शेतात गोल फिरून पाणी देणाऱ्या यंत्राच्या पाइपला तो टांगलाय. आम्ही चौघं बसलो तरी वीस जणांची जागा रिकामी. ताईने फोटो काढले, भाच्याने 'सो लेम' असा शेरा मारला आणि तोच सगळ्यात जास्त वेळ झोके घेत बसला.

पण हेब्रनची खरी गोष्ट झोपाळ्याची नाही. १९३४ साली शेजारच्या चेस्टर गावच्या शाळेत स्टीफन एपलर नावाचे एक शिक्षक होते. मंदीचा काळ. छोट्या शाळांना अकरा पोरं जमत नव्हती, अकरा जणांचं सामान घ्यायला पैसे नव्हते. एपलरनी सहा जणांचा फुटबॉल बसवला. मैदान १०० ऐवजी ८० यार्ड लांब, ४० यार्ड रुंद. चार प्रयत्नांत दहा नाही, पंधरा यार्ड पुढे जायचं. सहापैकी कुणीही पास झेलू शकतो. किक मारून केलेल्या गोलला तीनऐवजी चार गुण, कारण लाथ मारणारा चांगला पोरगा दुर्मीळ! आणि पुढे एक दयेचा नियमही आला. हाफ टाइमला किंवा त्यानंतर कधीही ४५ गुणांचा फरक पडला, की मॅच तिथेच संपली.

२६ सप्टेंबर १९३४ च्या रात्री, दिव्यांच्या उजेडात, हेब्रनच्या कॉलेजच्या मैदानावर पहिली सहाजणी मॅच झाली. हेब्रन-चेस्टर विरुद्ध बेल्व्हिडियर-अलेक्झांड्रिया. १९-१९ बरोबरी. नावं पुन्हा वाचा. दोन गावं मिळून एक टीम, दोन्हीकडे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीही सहा पोरांसाठी दोन गावं लागत होती. फरक एवढाच, की तेव्हा कमी पैसे होते. आता पैसे आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा मैदानाचे दिवे लागले होते. धान्याच्या उंच कोठाराशेजारी मैदान, आणि पलीकडे थेट मका. लोक गाड्या मैदानाच्या कडेला लावून आतच बसलेले, टचडाऊन झालं की हॉर्न वाजवतात. भन्नाट! खायला चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल, हे कॉम्बिनेशन नेब्रास्कातच चालत असावं. ताईने मटण-बीफच्या शंकेने चिली नाकारली आणि दोन रोल संपवले. वातावरण अगदी आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखं. सगळे सगळ्यांना ओळखतात, फक्त आम्हाला नाही. तरी तीन बायकांनी येऊन ब्लँकेट दिलं.

भावोजींचा सहकारी जुनं लोकरी जॅकेट घालून आला होता. छातीवर त्याच्या शाळेचं अक्षर. ती शाळा आता नाही. "मी खेळलो तेव्हा आम्ही अकरा होतो," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ आला तोवर आठ. आता सहा." आठजणी हा मधला टप्पा. कुठली शाळा कुठल्या गटात, हे दर दोन वर्षांनी पटावरची मुलं मोजून ठरतं. हा 'पट' शब्द ऐकून मला कोकणातल्या मामाच्या गावची शाळा आठवली, दरवर्षी पटसंख्येच्या टांगत्या तलवारीखालची. असो.

"आणि ते बारा मैलांवरचं गाव," त्याने दिव्यांपलीकडे अंधारात हात केला, "त्यांना हरवणं हेच आमचं वर्ष असायचं. एकदा आम्ही रात्री जाऊन त्यांच्या पाण्याच्या टाकीवर आमचं नाव रंगवून आलो होतो." मग थोडं थांबून, "आता तेच आमच्या टीममध्ये आहेत."

दोन गावांची एक टीम. नाव जोडलेलं, लग्नानंतर दोन्ही आडनावं लावणाऱ्या मैत्रिणीसारखं. गणवेशाचा रंग दोघांचाही नाही, तिसराच, भांडण नको म्हणून. मी विचारलं, मग आता हाडवैरी कोण? तो हसला. जवळात जवळची टीम सत्तर मैलांवर आहे. त्यांच्याशी वैर धरायला ओळख तरी पाहिजे ना.

दोन गावं मिळून त्या रात्री आठ पोरं आली होती. त्यातल्या एकाचा हात गळ्यात. म्हणजे सात. समोर पंधरा. कोच शाळेत गणित शिकवतात आणि मॅचची बसही तेच चालवतात. टीमचा सगळ्यात लहान भिडू चौदा वर्षांचा, हेल्मेटमध्ये मान हरवलेला, आणि त्याच्यासमोर सतरा-अठरा वर्षांचा, दाढी राखलेला दांडगा. अकराजणी मोठ्या शाळेत या चौदा वर्षांच्या पोराला वर्षभर ज्युनियर टीममध्ये ठेवलं असतं. इथे ज्युनियर टीम कुठली? तो खेळला नाही तर मॅचच नाही.

तरी पहिला क्वार्टर काय रंगला म्हणून सांगू! मैदान मोकळं, माणसं कमी, त्यामुळे नुसती पळापळ. आमच्या बाजूच्या एका शिडशिडीत पोराने (हाच तो पुतण्या) साठ यार्ड पळत टचडाऊन केलं, सगळे हॉर्न एकदम वाजले, भाचा माझ्या खांद्यावर बुक्के मारत होता. ६-६. मग एकाचा पाय मुरगळला. सातांचे सहा. आता बाक रिकामा. आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी समोरचं टचडाऊन. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर स्कोअर ३८-६.

तेव्हाच ते झालं. पुतण्या टॅकल करायला गेला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या हेल्मेटवर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. तो उठला, दोन पावलं चालला आणि चुकीच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

लोक हसले नाहीत. इथे सगळ्यांना कळतं त्याचा अर्थ काय.

कायदा स्पष्ट आहे. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या पन्नास राज्यांनी तो केलाय. डोक्याला मार लागल्याची शंका आली, की मुलाला बाहेर काढायचं आणि जाणकाराने तपासून परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. रेफरीने खूण केली. कोच धावले. आणि तो पोरगा काय करत होता? मान हलवत होता. नाही, नाही, मी ठीक आहे. आम्ही कुंपणाशीच होतो, स्पष्ट ऐकू येत होतं. कोचने विचारलं आज वार कोणता, तो म्हणाला शुक्रवार. बरोबर. स्कोअर किती? तो बोर्डाकडे बघायला लागला.

त्याने आपल्या बाकाकडेही बघितलं. तिथे एक जण हात गळ्यात घेऊन, दुसरा पायाला बर्फ लावून.

गुरुवारच्या त्या ऐंशी पोरांच्या टीममधला एखादा असता तर "डोकं गरगरतंय" म्हणून सरळ बाजूला बसला असता, त्याच्या जागी दुसरा गेला असता, प्रेक्षकांना कळलंही नसतं. इथे या पोराने खरं बोलायचं म्हणजे पाच मित्रांची, दोन गावांची संध्याकाळ संपवायची. सोळा वर्षांच्या पोराने. मी ताईकडे बघितलं. ती कुंपणाची जाळी धरून उभी होती. तिच्या घरातला कोरा फॉर्म चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण जी मुलं सोडून जातात त्यांच्या वाटणीचा मार राहिलेल्यांना बसतो, हे कुठल्याच पेपरात मी वाचलं नव्हतं.

पोराची आई मैदानात आली. ओरडली वगैरे नाही. तिने त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेली. हेल्मेट तिच्याकडे गेलं, विषय संपला. पाच जणांनी पुढे खेळायचं की नाही यावर दोन्ही कोच आणि रेफरी थोडा वेळ बोलले. मग आमच्या कोचनेच मान हलवली आणि चौदा वर्षांच्या त्या लहानग्याच्या पाठीवर हात ठेवला. मॅच सोडून दिली. हाफ टाइमही झाला नव्हता.

आता काय करायचं, कुणालाच कळेना. पावणेआठ वाजले होते. चिली अजून अर्ध्या पातेल्यात होती. पाच-सहा मुलांचा बँड हाफ टाइमला वाजवायचं गाणं घेऊन तयार होता, त्यांनी ते वाजवून टाकलं. पाहुण्या टीमची पोरं सत्तर मैलांवरून बसने आलेली, ती मैदानातच घुटमळत राहिली. मग कुणीतरी एक बॉल उंच फेकला.

पुढचा तासभर मैदानात जे चाललं होतं त्याला काय म्हणायचं माहीत नाही. दोन्ही टीमची पोरं, त्यांचे धाकटे भाऊबहीण, चिअरलीडर मुली, सगळे मिसळून. हेल्मेट काढलेली, पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. तो दाढीवाला दांडगा सात वर्षांच्या मुलीला बॉल देऊन स्वतः तिच्यापुढे वाट करत पळत होता. माझ्या शेजारची जागा कधी रिकामी झाली मला कळलंच नाही. बघते तर आमचा भाचा मैदानात, हात वर करून ओरडतोय. "आय ॲम ओपन! आय ॲम ओपन!"

"स्वेटर तरी घालून जायचं," ताई म्हणाली. पण ती हाक मारायला उठली नाही.

पुतण्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. रात्री उशिरा सहकाऱ्याचा मेसेज आला. कन्कशन आहे, पण बरा आहे, हट्ट करतोय. उरलेला सीझन त्याच्यासाठी संपला. आणि टीमसाठीही, हे त्याने लिहिलं नव्हतं, पण हिशोब सोपा होता.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. जीन्स गुडघ्यापर्यंत हिरवी करून घेतलेला भाचा खिडकीला डोकं टेकून बसला होता. लिंकन मागे पडल्यावर म्हणाला, "आई, ते ओन्ली सिक्स होते. मी असतो तर सेवन झाले असते."

ताईने हीटर वाढवला. "लागलंय का कुठे?"

"नो."

"नक्की?"

"नक्की."

मी निघाले त्या दिवशीही फॉर्म फ्रिजवरच होता, सहीची जागा कोरी. शेजारी ताईने एक नवं पत्रक लावलं होतं, फ्लॅग फुटबॉलचं. टॅकल नाही, कमरेला बांधलेली फीत ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही हा खेळ असणार आहे, असं तिने मला दोनदा ऐकवलं. भाचा दूध काढायला आला, पत्रक वाचलं आणि एकच प्रश्न विचारला.

"किती जण लागतात?"

"पाच," ताई म्हणाली.